लूथरन मंडळीतली उपासना, शास्त्राभ्यास आणि घरभेटी : तुमचे अनुभव सांगा

लूथरन मंडळी म्हटलं की गप्पा १५१७ वर जातात आणि तिथेच अडकतात. ३१ ऑक्टोबर, जर्मनीतलं विटेनबर्ग, चर्चच्या क्षमापत्रांविरुद्ध मार्टिन लूथरचे ९५ प्रबंध, संपलं. रविवारी बाकावर बसल्यावर माणसाला नेमकं काय मिळतं, आठवड्यातल्या शास्त्राभ्यासाला लोक खरंच पुस्तक उघडतात का, आणि कुणी अंथरुणाला खिळलं की मंडळी दारात येते की नुसता 'प्रार्थनेत आठवण आहे' असा निरोप येतो, यावर कुणी फारसं लिहीत नाही. म्हणून हा धागा. जन्माचे लूथरन, दुसऱ्या पंथातून आलेले, सोडून गेलेले, सगळ्यांनी लिहा. विनंत्या दोनच : जे स्वतः पाहिलं-भोगलं तेच लिहायचं, आणि मंडळीचं, पाळकांचं किंवा ज्याच्या घरी भेटीला गेलात त्याचं नाव नको.

मागचा बाक

सुरुवात मी करते. माझं माहेर उत्स्फूर्त प्रार्थनेच्या परंपरेतलं. तिथे छापील प्रार्थना वाचणं म्हणजे देवाला पाठ केलेला निबंध म्हणून दाखवणं. लग्नानंतर लूथरन उपासनेत आले तेव्हा पहिले काही महिने मी मनातल्या मनात चुका काढत बसायचे. पापांगीकार, पापक्षमेची घोषणा, शास्त्रवाचनं, उपदेश, विश्वासांगीकार (आम्ही काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणणं), प्रार्थना, भाकरी-द्राक्षारसाचं प्रभुभोजन, आशीर्वाद. दर रविवारी तेच, त्याच क्रमाने.

मग वडील गेले. त्यानंतर मला प्रार्थनाच करता येईना. शब्द सुचत नव्हते असं नाही, बोलायचीच इच्छा नव्हती. माहेरच्या मंडळीत हे लपलं नसतं, कारण तिथे प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत मोठ्याने बोलायचं असतं. इथे मी नुसती उभी राहायचे. विश्वासांगीकार शेजारचे म्हणायचे, मी ऐकायचे. कुणी वळून पाहिलं नाही की 'सध्या विश्वास कसा आहे?' म्हणून विचारलं नाही. पुढे केव्हातरी ओठ हलायला लागले.

त्या काळात एक गोष्ट लक्षात आली. आमची वेदी भिंतीला लागून आहे. पाळक जेव्हा आमच्या वतीने देवाशी बोलतात तेव्हा वेदीकडे तोंड करतात, म्हणजे आमच्यासारखेच, त्याच दिशेला. आणि देवाच्या वतीने बोलायचं असलं, पापक्षमा, आशीर्वाद, की आमच्याकडे वळतात. वर्षानुवर्षं समोर घडत होतं आणि मी पाहिलंच नव्हतं. आता तो वळण्याचा क्षण मी चुकवत नाही.

ऑर्गनवाला

वरच्या ताईंनी गीतं वगळली, म्हणून मला लिहिणं भाग आहे.

१५२४ मध्ये लूथरन चळवळीतली पहिली गीतांची पुस्तिका निघाली. तीत गीतं किती? आठ. त्यातली चार लूथरची. तोवर उपासनेत गाणं हे प्रामुख्याने गायकवृंदाचं काम होतं, तेही लॅटिनमध्ये. मंडळीने स्वतःच्या भाषेत गायचं हे तेव्हापासून आमच्या हाडीमाशी भिनलं. एकदा उपासना चालू असताना वीज गेली आणि वाद्य बंद पडलं. मी हात मांडीवर ठेवून बसलो. गाणं थांबलं नाही. म्हाताऱ्या मंडळींनी खालचे सूर धरले, वरचे बायकांनी, आणि चार सुरांत कडवी पार पडली. वाद्य पुन्हा सुरू झालं तेव्हा लोकांची पट्टी जराही उतरलेली नव्हती, हे मी तपासून पाहिलं!

वादकाचं खरं काम बोटांपेक्षा श्वासाचं आहे. ओळीच्या शेवटी मी स्वतः श्वास घेतो आणि तेवढंच थांबतो, म्हणजे ऐंशीच्या पुढची माणसंही बरोबर राहतात. तरुणांना हे रटाळ वाटतं. वाटू दे. त्यांची फुप्फुसं चांगली आहेत, त्यांना थांबता येतं.

प्रश्नचिन्ह

शास्त्राभ्यासाबद्दल. आमच्याकडे येत्या रविवारची वाचनं आधीच्या आठवड्यात घेतात : जुना करार, स्तोत्र, पत्र आणि शुभवर्तमान, म्हणजे मत्तय, मार्क, लूक, योहान या येशूच्या चार चरित्रांपैकी एकातला उतारा. वाचनांचं चक्र तीन वर्षांचं आहे. एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. योहानाला स्वतःचं वर्ष नाही, तो मधेमधे येतो, विशेषतः पुनरुत्थानकाळात, म्हणजे ईस्टरनंतरच्या आठवड्यांत. मार्कच्या वर्षात तर योहानाचा सहावा अध्याय सलग पाच रविवार चालतो आणि पाचही रविवार विषय भाकरीचा. चौथ्या आठवड्यापर्यंत पाळकांचा चेहरा बघण्यासारखा झालेला असतो.

पद्धत साधी आहे. प्रत्येक उताऱ्याला दोन प्रश्न : हा उतारा माझ्याकडून काय मागतो, कुठे मला उघडं पाडतो? आणि देव इथे मला काय देतो? लूथरन लोक याला नियमशास्त्र आणि शुभवर्तमान म्हणतात. ऐकायला सोपं, करायला कटकटीचं. बहुतेकजण पहिल्या प्रश्नावरच रमतात, कारण त्यात दुसऱ्याला उपदेश करायची सोय असते.

लूक १५ मधला उधळ्या मुलाचा दाखला घेतला होता तेव्हाची गोष्ट. धाकटा मुलगा वाटणी उधळतो, डुकरं राखतो, परत येतो, बाप मेजवानी देतो, सगळ्यांना पाठ. चर्चा थोरल्या मुलावर आली आणि सगळे त्याच्यावर तुटून पडले. चिडका, हिशेबी, ढोंगी. एरवी तोंड न उघडणाऱ्या एक आजी म्हणाल्या, "अठ्ठाविसावं वचन वाचा बरं पुन्हा." वाचलं. थोरला आत जाईना, तेव्हा बाप बाहेर येऊन त्याला समजावू लागला. आजी म्हणाल्या, "धाकट्यासाठी धावला तो बाप आणि थोरल्यासाठी भरल्या पंक्तीतून उठून आला तोही बापच. तुम्ही एकालाच मारताय." त्या दिवशी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पाळकांना द्यावं लागलं नाही.

आता तक्रार. प्रत्येक गटात एक तरी सर्वज्ञ असतो, ज्याला ग्रीक येतं असं त्याला वाटतं. आमच्यातल्याने निम्म्या लोकांना पळवून लावलं. शेवटी नियम झाला : एकदा बोललात की आणखी दोघं बोलेपर्यंत गप्प. सर्वज्ञ रुसले, पण येतात.

भल्या पहाटे

@प्रश्नचिन्ह, एकट्याने वाचणाऱ्यांसाठी भर घालतो. १५३५ मध्ये लूथरने आपल्या न्हाव्याला, पेटरला, प्रार्थना कशी करावी हे एका छोट्या पुस्तिकेत लिहून दिलं. दहा आज्ञांपैकी कुठलीही एक घ्यायची आणि तिचे चार पदर करायचे : यातून काय शिकलो, कशाबद्दल आभार मानू, कशाची क्षमा मागू, काय मागू. मी हे वहीत चार ओळींत लिहितो. ज्या दिवशी एकाच पदरावर अडकतो, त्या दिवशी तिथेच थांबतो. लूथरनेही तेच सुचवलंय, चांगला विचार आला तर बाकीचं सोडून द्यावं.

या न्हाव्याची पुढची हकिकत मात्र उपदेशात कुणी सांगत नाही. त्याच वर्षी त्याने स्वतःच्या जावयाला भोसकून मारलं. लूथरने आणि इतरांनी रदबदली केली म्हणून मृत्युदंडाऐवजी हद्दपारी झाली. पुस्तिका आजही छापली जाते. मला ती या हकिकतीसकट जास्त आवडते.

नाव नको

मी सोडून गेलेल्यांपैकी. म्हणजे पंथ नाही सोडला, मंडळी सोडली. माझा घटस्फोट चालू असताना एका बाईंना विश्वासाने सांगितलं. पुढच्या प्रार्थनासभेत 'एका बहिणीचं घर मोडतंय, तिच्यासाठी प्रार्थना करू या' असं जाहीर झालं. नाव नव्हतं घेतलं, पण घर मोडत असलेली बहीण त्या खोलीत एकच होती. प्रार्थनेच्या वेष्टनात गुंडाळलेली चहाडी चहाडीच असते. त्यानंतर अमुक जण भेटायला येतो म्हणाले की मी आजारी आहे असं कळवायचे.

गंमत म्हणजे याच लोकांनी आम्हाला लहानपणी लूथरची प्रश्नोत्तरावली पाठ करायला लावली होती. १५२९ ची लहान प्रश्नोत्तरावली, प्रत्येक आज्ञेनंतर 'याचा अर्थ काय?' आठव्या आज्ञेच्या उत्तरात लिहिलंय की शेजाऱ्याची बदनामी करू नये, त्याची बाजू घ्यावी आणि त्याच्या प्रत्येक गोष्टीचा चांगल्यात चांगला अर्थ लावावा.

दुसऱ्या पंथाचा

आठवी? खोटी साक्ष देऊ नको ही नववी ना?

नाव नको

लूथरन आणि कॅथलिक मोजणीत आठवी. तुमच्याकडे मूर्तींची आज्ञा वेगळी दुसरी धरतात, आमच्याकडे ती पहिल्यातच येते, आणि शेवटी लोभाच्या दोन होतात. बेरीज दहाच.

तासाभराची पाहुणी

@नाव नको, तुमचं वाचून चीड आली. मी आमच्या मंडळीत स्टीफन मिनिस्ट्रीचं काम करते, आणि जे तुमच्या बाबतीत घडलं ते टाळण्यासाठीच तिथे शिस्त इतकी कडक आहे. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसमधल्या एका लूथरन पाळकांनी, डॉ. केनेथ हॉक यांनी, ही पद्धत सुरू केली. ते मानसशास्त्रज्ञही होते. दुःखात असलेल्या प्रत्येकापर्यंत एकटा पाळक पोहोचू शकत नाही, म्हणून मंडळीतल्या साध्या माणसांना शिकवून तयार करायचं. नाव प्रेषितांच्या कृत्यांतल्या सहाव्या अध्यायातल्या, विधवांच्या सेवेसाठी नेमलेल्या स्तेफनावरून. आता हे इतर अनेक पंथांतही चालतं.

माझ्या वेळी प्रशिक्षण ५० तासांचं होतं. त्यातला मोठा भाग ऐकायला शिकण्यात जातो. एका व्यक्तीला एकच सोबती, बाईला बाई, पुरुषाला पुरुष, आठवड्यातून साधारण तासभर भेट. आम्हाला स्वतःला आधार लागतो म्हणून आमची गटबैठक असते, पण तिथेही समोरच्याचं नाव सांगायचं नाही. माझ्या नवऱ्याला माहीत नाही मी कुणाकडे जाते. तो विचारतही नाही, हे त्याचं मोठेपण.

एका भेटीबद्दल तपशील बदलून लिहिते. नवरा अचानक गेलेली बाई. मी मनाशी वचनं घोळवत गेले. ती मात्र पहिल्या कितीतरी भेटींत एकाच गोष्टीवर बोलत होती : बँकेचे पासवर्ड. नवऱ्याने कुठे लिहून ठेवले नव्हते, कस्टमर केअरवाले मृत्यूचा दाखला पुन्हा पुन्हा मागत होते, आणि ती त्याच्यावर भयंकर चिडली होती. देवावर वगैरे अजिबात नाही, नवऱ्यावर. मी कागदपत्रांच्या ढिगाशेजारी बसून ऐकत राहिले. वचन एकदाही काढलं नाही. मग एका आठवड्यात सगळी खाती उघडली आणि ती म्हणाली, "आता याच्यावर चिडायला काही उरलं नाही." त्यानंतर ती रडली, तेही माझ्यासमोर पहिल्यांदाच. शेवटी तिनेच विचारलं, "आज प्रार्थना करशील का?"

बरं करणं आपल्या हातात नाही, हे प्रशिक्षणात ऐकलेलं वाक्य मला तिच्या स्वयंपाकघरात पटलं.

उशीवरून

भेटी देणाऱ्यांनी लिहिलं, आता घेणाऱ्याची बाजू. मी बरेच महिने अंथरुणावर आहे. मंडळी येते, त्याबद्दल कृतज्ञ आहे, तरीही लिहितो.

पलंगावर बसू नका, दुखतं. खुर्ची आहे. याच आजाराने गेलेल्या तुमच्या मावसभावाची गोष्ट नको. 'यात देवाची काहीतरी योजना असेल' हे दारातूनच परत न्या. आणि निरोपाची प्रार्थना झाली की खरंच निघा, त्यानंतर अर्धा तास गप्पा नकोत.

एकजण येतात ते वेगळे. आल्यावर विचारतात, "आज वाचू की नुसता बसू?" एकदा मी म्हटलं, वाचा, पण गोड काही नको. त्यांनी ८८ वं स्तोत्र काढलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचा. बाकीची विलापाची स्तोत्रं कुठेतरी वळण घेतात, आशेची एखादी ओळ येते. हे अंधारातच संपतं. वाचून झाल्यावर त्यांनी सारवासारव केली नाही, पुस्तक मिटलं. देवाच्या पुस्तकात ही तक्रार छापलेली आहे याचा मला जो आधार वाटला तो कुठल्याच शुभेच्छापत्राने दिला नव्हता.

प्रभुभोजन पाळक घरी आणतात. गिळायला त्रास होतो तेव्हा भाकरीचा अगदी कण, द्राक्षारसात बुडवलेला. भाकरी आणि द्राक्षारस यांच्या 'आत, सोबत आणि खाली' ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त आहे असं आम्ही मानतो, आणि त्याला माप नाही. कणभरही पूर्ण.

वॉर्ड नंबर

नर्स आहे, ड्यूटीमुळे थोडक्यात. साथीच्या काळात आमच्या अभ्यासगटाने लूथरचं प्लेगवरचं पत्र वाचलं. १५२७ मध्ये विटेनबर्गला प्लेग आला, विद्यापीठ दुसरीकडे हललं, लूथर राहिला. पत्नी काटारीना गरोदर, घरात आजारी माणसं. पत्रात दोन्ही आहे : औषध घ्या, घर धुरी देऊन शुद्ध करा, गरज नसेल तिथे जाऊ नका, पण शेजाऱ्याला तुमची गरज असेल तर टाळू नका. मास्क लावायचा की विश्वास ठेवायचा असा वाद घालणाऱ्यांना मी हेच दाखवत होते.

नवखा

सगळं वाचलं. मी कुठल्याच मंडळीचा नाही, बाप्तिस्मा लहानपणी झालाय. एखाद्या रविवारी जायचं म्हटलं तर प्रभुभोजनाच्या वेळी काय करायचं? नुसतं बसून राहिलं तर विचित्र दिसेल का?

मागचा बाक

अजिबात नाही. सगळ्या लूथरन मंडळ्यांत एकच नियम नाही. काही ठिकाणी बाप्तिस्मा झालेल्या सर्वांना बोलावतात, तर मिसूरी सिनडसारख्या (अमेरिकेतला एक परंपरानिष्ठ लूथरन संघ) ठिकाणी आधी शिकवण आणि पाळकांशी बोलणं अपेक्षित असतं. उपासनेच्या पत्रिकेत बहुधा लिहिलेलं असतं. नसेल तर पाच मिनिटं आधी पोहोचून पाळकांना सरळ विचारा, त्यांना याची सवय असते. अनेक ठिकाणी छातीवर हात आडवे घेऊन पुढे गेलात तर फक्त आशीर्वाद देतात. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत बसा. उभं कधी राहायचं, बसायचं कधी, हे पुढच्यांकडे बघून कळतं.