कुत्र्या-मांजरांची अँटिबायोटिक्स: डोस पूर्ण, दिवस कमी. पटतंय का?

शेपूटवाली:
माझ्या कुत्रीला लघवीचा संसर्ग झाला, पहिल्यांदाच. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट, १४ दिवस. घरी येऊन चिठ्ठी पाहते तर वजन २४ किलो, गेल्या वर्षीचं! काट्यावर उभं केलं तर ३१ भरली. किलोमागे १२.५ मिलिग्रॅम धरलं तर एका वेळी ३०० नाही, ३८७ लागतात. फोन केल्यावर डॉक्टरांनी लगेच डोस वाढवला.

पण दिवसांचं काय? अशा साध्या संसर्गाला ३ ते ५ दिवस पुरतात, असं पाळीव प्राण्यांच्या संसर्गरोगांवरच्या आंतरराष्ट्रीय सोसायटीची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. डोस अपुरा पडला की चिवट जंतू तग धरतात. आणि दिवस उगाच लांबवले की आतड्यातल्या, कातडीवरच्या निरुपद्रवी जंतूंवरही मारा चालू राहतो, त्यातले औषधाला न जुमानणारेच उरतात. माझं म्हणणं सरळ आहे: दर वेळी वजन करा, डोस पूर्ण द्या आणि लवकर थांबा.

जुनाजाणता:
साफ असहमत. 'कोर्स पूर्ण करा' हे लोकांच्या गळी उतरवायला वर्षं गेली. आता 'लवकर थांबा' म्हणालात की दुसऱ्या दिवशी शेपूट हललं की गोळ्या बंद. उरलेल्या गोळ्या डब्यात, आणि पुढच्या खेपेला त्याच गोळ्या घरातल्या दुसऱ्या प्राण्याला. शिवाय कातडीचा खोलवर गेलेला संसर्ग पाच दिवसांत जातो का?

शेपूटवाली:
नाही जात, तिथे कित्येक आठवडे लागतात. पण थांबायचं कधी ते डॉक्टरांनी ठरवायचं, मालकाने नाही. चिठ्ठीवरच ५ दिवस लिहिलेत तर पाच दिवस हाच पूर्ण कोर्स.

पशुवैद्य_रात्रपाळी:
'डोस पूर्ण' म्हणजे 'डोस जास्त' असं कुणी समजू नका. एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा जोर रक्तातली मात्रा किती वर जाते यावर असतो, कुत्र्याला तो डोस बराच वाढवता येतो. मांजराला मात्र दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर नेलं तर डोळ्याचा पडदा खराब होऊन ते आंधळं होऊ शकतं. अमॉक्सिसिलिनचं गणित वेगळं. ते किती वेळ पुरेशा प्रमाणात टिकतं ते महत्त्वाचं, म्हणून सकाळ-संध्याकाळची वेळ चुकवायची नाही.

मांजरघर:
वेळ पाळायला गोळी पोटात जायला तर हवी! आमची मांजर गोळी गालात दाबून ठेवते, तोंडाला फेस आणते आणि नंतर सोफ्यामागे अर्धी विरघळलेली गोळी सापडते. आम्ही सेफोवेसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शनच घेतो, एकदा टोचलं की १४ दिवस बघायला नको. गिळलीच नाही तर डोस पूर्ण कसला?

पशुवैद्य_रात्रपाळी:
तुमची अडचण खरी आहे, मी रोज बघतो. पण सेफोवेसिन हे सेफालोस्पोरिन या अँटिबायोटिक-गटातलं, तिसऱ्या पिढीचं औषध आहे, माणसांसाठी हा गट जपून ठेवावा लागतो. १४ दिवसांनी ते संपतही नाही, अपुऱ्या मात्रेत सुमारे ६५ दिवस अंगात रेंगाळू शकतं. कशासाठी देताय?

मांजरघर:
लघवीला सारखी बसते, थेंब थेंब होते. चार वर्षांची आहे.

पशुवैद्य_रात्रपाळी:
या वयाच्या मांजरांत असा त्रास बहुतेकदा जंतूंमुळे नसतोच. लघवी तपासली होती?

मांजरघर:
नाही. तीनदा इंजेक्शन झालंय, तपासणी एकदाही नाही. उद्या तपासून घेते. पण जंतू निघाले तर मी इंजेक्शनच मागणार, हे आत्ताच सांगते.