सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू आपला, मग सागवान कोणाचं?

कुरखेडा_ग्रामसभा
नमस्कार मंडळी. आमच्या गावाला सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळाला आहे. जंगलात मानवेल बांबू भरपूर, तेंदू बऱ्यापैकी, आणि नाल्याच्या अंगाला जुनं सागवान. ग्रामसभेत दोन तट पडलेत. काही म्हणतात जंगल आपलं झालं, सागवानही कापू, निदान घरांच्या चौकटी तरी निघतील. बाकीचे म्हणतात बांबूवरच थांबा. कायद्याने आपलं नेमकं काय? यंदा बांबू तोडायचा तर सुरुवात कुठून? आणि गावच्या सुताराला साग सरळ मार्गाने कुठे मिळेल?

हक्क_आणि_हिशोब
भाऊ, पट्ट्याने सागवान तोडून विकायचा अधिकार मिळत नाही. हे ग्रामसभेत आधी सांगून टाका, नाहीतर एखादा उत्साहाच्या भरात वनगुन्ह्यात अडकेल. 2006 च्या वनहक्क कायद्यात मालकी दिली आहे ती गौण वनोपजाची, म्हणजे इमारती लाकूड सोडून झाडाझुडपांपासून मिळणारं सगळं. बांबू, तेंदू, मध, लाख, कंदमुळं आणि खुंटसुद्धा त्यात येतात. 1927 च्या वन कायद्याचा दाखला देऊन कोणी बांबूला झाड म्हणालं, तर वनहक्क कायद्याच्या व्याख्येतला बांबू हा शब्द दाखवा. वन कायद्यातली 2017 ची दुरुस्ती वनक्षेत्राबाहेरच्या बांबूसाठी झाली, तिचा इथे संबंध नाही.

वनहक्काच्या 2012 च्या सुधारित नियमांनुसार वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती देते आणि गौण वनोपजावर स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) लागत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 1809 हेक्टरवर हक्क मिळवला आणि 2011 मध्ये परवाना पुस्तक स्वतःच्या हाती घेतलं. परवान्याच्या प्रत्येक पानावर नग, गाडी क्रमांक, तारीख आणि ठराव क्रमांक लिहा. नाक्यावर माल अडतो तो बहुतेक अपुऱ्या नोंदीमुळे.

सागाची तोड वनविभागाच्या कार्य आयोजनेप्रमाणे (वर्किंग प्लॅन), कूप म्हणजे तोडीचे ठरावीक भाग पाडून होते. पण तुमच्या हद्दीतलं जंगल राखायचा आणि त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क तुमचाच आहे. म्हणून ग्रामसभेचा आराखडा लवकर करा आणि तो कार्य आयोजनेत जोडून घ्यायची लेखी मागणी द्या. आराखडाच नसेल तर कूप पडताना तुमचं म्हणणं मांडायला हाती कागद राहत नाही.

रांजी_राखणदार
बांबूचं मी सांगतो. तोड ऑक्टोबरपासून पुढे. पावसाळ्यात रांजीला (बांबूच्या बेटाला) हात लावू नका, वास्ते म्हणजे नवे कोंब तेव्हाच फुटतात आणि पायाखाली मोडतात. जंगलाचे तीन-चार भाग पाडा, वर्षाला एकाच भागात तोड. त्या भागातल्या नमुन्याच्या रांज्या मोजून किती माल निघेल ते काढा आणि मगच निविदा मागवा.

यंदाचा बांबू ओळखायला सोपा: पेरांवर खवले चिकटलेले असतात, अंगावर पांढुरकी भुकटी असते. तो राखायचा, गेल्या वर्षीचाही राखायचा. शिवाय कोवळ्यांना आधार म्हणून आठ-दहा पक्के बांबू प्रत्येक रांजीत सोडा. घाव जमिनीपासून 15 ते 30 सेंटीमीटरवर, गाठीच्या लगेच वर. गाठीपासून उंच कापला तर वर वाटी राहते, तिच्यात पाणी साचतं आणि कुज खाली कंदात उतरते.

सगळ्यात जास्त नुकसान मजुरीच्या पद्धतीने होतं. नगावर मजुरी दिली की माणूस कडेचा सुटा बांबू कापतो, मधला गुंता तसाच ठेवतो. पण रांजी बाहेरच्या बाजूने वाढते, नवा बांबू कडेलाच असतो. म्हणजे तोडला जातो तो नवा, आणि मध्ये जुना-वाळका अडकून रांजी खुंटते. जिकडे कोवळे नाहीत त्या बाजूने वाट काढून आत शिरा, मधला जुना माल काढा. या रांजी सफाईची मजुरी वेगळी आणि जास्त ठेवा. विक्रीच्या पैशातला हा खर्च सगळ्यात कामाचा.

सागवान_सुतार_चंद्रपूर
साग डेपोत लिलावाने मिळतो. बल्लारशा, आलापल्ली, तिकडे अमरावतीकडे परतवाडा. एका सुताराला अख्खा लाट (लिलावाला एकत्र लावलेले ओंडके) झेपत नाही, म्हणून चार-पाच जणांनी मिळून घ्यावा. बोली लावण्याआधी लाट प्रत्यक्ष पाहा: ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना पोकळी, भेगा, बाजूला गाठी.

ओंडक्याचं माप गोलाईच्या (घेराच्या) चौथाईने धरतात. 120 सेंटीमीटर गोलाई, 3 मीटर लांबी: 0.30 गुणिले 0.30 गुणिले 3, म्हणजे 0.27 घनमीटर, साधारण साडेनऊ घनफूट. या पद्धतीत खऱ्या घनफळाच्या 78 टक्क्यांच्या आसपासच माप येतं, पण चिराईत त्याहून जास्त घट होऊ शकते. म्हणून दर लाटाचा न पाहता चिरून हाती येणाऱ्या फळीचा पाहा. लाकडावरचा हॅमर (वनविभागाची ठोकलेली खूण) आणि वाहतूक परवाना काम संपेपर्यंत दुकानात ठेवा.

शेतातला साग घ्यायचा तर 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. मालक आदिवासी असेल तर विक्रीला 1969 चा वेगळा कायदा लागतो. मालकी प्रकरण (खाजगी झाडांच्या तोडीची वनविभागाकडची फाईल) पूर्ण झाल्याशिवाय उभी झाडं व्यापाऱ्याला देऊ नका.

कुरखेडा_ग्रामसभा
आभारी आहे. एक व्यापारी बांबू टनावर मागतो, दुसरा नगावर. कोणाला द्यावा?

रांजी_राखणदार
लांब, सरळ माल नगावर द्या, जाडी आणि लांबीचे वर्ग करारात लिहून. वाकडा-तुटका माल टनावर चालेल, पण ओला बांबू रोज वजन गमावतो. गाडी आठवडाभर उशिरा आली तर तोटा ग्रामसभेचा होतो. तोडीनंतर किती दिवसांत उचल करायची आणि वजन कुठल्या काट्यावर करायचं, हे करारात घाला. आगाऊ रक्कम ग्रामसभेच्या खात्यात जमा झाल्यावरच पहिली गाडी सोडा.