नववीच्या केमिस्ट्रीला ऑनलाइन शोधायला काय देऊ? कॉपी-पेस्ट होणार नाही असं काहीतरी सुचवा

फळा_आणि_डस्टर, ठाणे

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते, सेमी इंग्लिश, वर्गात ५८ पोरं. यंदा आठवड्यातून एक तास कॉम्प्युटर लॅब मिळालीये, चालू मशीन १८, म्हणजे एका मशीनवर तिघं आणि कुठे कुठे चौथा मागे उभा. मोठ्या बाईंचं म्हणणं केमिस्ट्रीत "ऑनलाइन संशोधन" करून घ्या. गेल्या वर्षी मी "एका मूलद्रव्याची माहिती काढून आणा" असं दिलं होतं आणि जे आलं ते बघून डोक्याला हात लावला. तांब्यावर अकरा प्रोजेक्ट, अकराही सारखे, आणि त्यातल्या चारांत प्रत्येक मथळ्यापुढे "संपादन" हा शब्द तसाच छापलेला, म्हणजे विकिपीडियावरून उचललं ते उचललं, वाचलंही नाही. नंतर कळलं स्टेशनजवळचा झेरॉक्सवाला ५० रुपयांत रंगीत कव्हरसकट करून देतो. आता तर झेरॉक्सवाल्याचीही गरज नाही, चॅटबॉट फुकटात लिहून देतो.

मला असं काहीतरी हवंय की शोधावं तर लागेल पण नुसतं शोधून उत्तर मिळणार नाही. धडा सध्या आम्ल, आम्लारी व क्षार चालू आहे पण दुसरं काही असलं तरी चालेल. कुणी केलंय का?

घणसोली_क्यूसी

मॅडम मी शिक्षक नाही, ठाणे-बेलापूर रोडवर एका कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायला आहे, मुलगी आठवीत. आमच्याकडे नवीन पोरगा जॉइन झाला की पहिल्या दिवशी त्याला एसडीएस वाचायला देतात, म्हणजे प्रत्येक केमिकलचा सेफ्टीचा कागद, जगभर तोच साचा, १६ भाग. नेटवर कुठल्याही केमिकलचा फुकट मिळतो. तुम्ही पोरांना दोन द्या, एक सोडियम हायपोक्लोराइटचा म्हणजे आपलं कपड्याचं ब्लीच, दुसरा हायड्रोक्लोरिक ॲसिडचा, जे बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये असतं, घरच्या बाटलीचं लेबल वाचायला सांगा. दोन्हीतला दहावा भाग उघडायचा, त्यात कशाबरोबर ठेवू नये ते लिहिलेलं असतं, आणि प्रश्न एवढाच की ही दोन एकत्र ओतली तर काय निघेल, समीकरण लिहा आणि बॅलन्स करा. क्लोरीन निघतो. दिवाळीच्या साफसफाईत बाथरूममध्ये दोन्ही एकदम ओतून खोकत बाहेर आलेली बाई प्रत्येक सोसायटीत एक तरी सापडते, माझ्या घरातलीच सांगतो पण नाव घेत नाही, जेवण मिळणार नाही. फक्त करून बघायचं नाही हे तीनदा बजावा, नववीची पोरं आहेत.

दुसरं सोपं, बिस्किटाचे आणि वेफरचे रिकामे रॅपर आणायला सांगा. मागे आयएनएस नंबर असतात, म्हणजे खाण्यात मिसळलेल्या रसायनांचे क्रमांक. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, ५०० मध्ये खायचा सोडा, ५०३ मध्ये अमोनियम बायकार्बोनेट, आणि मसाल्याच्या पाकिटावर कधी ५५१ दिसतं ते सिलिकॉन डायऑक्साइड, म्हणजे रासायनिक नावानं बघितलं तर वाळूच की. मुलीला हे सांगितलं तर तिनं दोन दिवस मॅगी खाल्ली नाही, तिसऱ्या दिवशी खाल्ली. नंबर शोधून नाव मिळतं ते ठीक, पण पुढचा प्रश्न असा द्या की पातळ बिस्किटात ५०३ चालतं आणि जाड केकमध्ये का घालत नाहीत? तापवलं की त्याचे सगळेच गॅस होतात, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ, बिस्किट पातळ म्हणून अमोनिया निघून जातो, केकमध्ये आतच अडकेल आणि केकला वास मारेल. सूत्र आणि उत्कलनबिंदू वगैरे बघायला पबकेम ही साइट चांगली आहे, अमेरिकन सरकारचं, जाहिराती नाहीत.

दोन_पोरांचा_बाप

सगळं छान आहे हो पण शेवटी हे सगळं आमच्या मोबाइलवर येतं. माझा फोन रात्री नऊनंतर पोरांच्या ताब्यात, ऑफिसचे मेसेज सकाळी बघतो. शिवाय प्रोजेक्ट म्हणजे थर्माकोल, ग्लिटर पेन, प्रिंटआउट, आणि शेवटी बसते आई. जे करायचं ते शाळेत करा आणि घरी पाठवू नका एवढीच नम्र विनंती.

फळा_आणि_डस्टर

@दोन_पोरांचा_बाप दादा पटलं. घरी फक्त रॅपर जमवायचं पाठवीन, त्याला फोन लागत नाही. प्रिंटआउट बंद, वहीत हातानं लिहायचं.

@घणसोली_क्यूसी सर, ब्लीचवालं या आठवड्यातच घेते, कसं झालं ते कळवते.

जुना_मास्तर, डोंबिवली

बाई, तीस वर्षं शिकवलं, आता घरी बसून असले धागे वाचतो. तुमची अडचण कॉपीची नाहीच, प्रश्नाची आहे. "माहिती काढा" म्हटलं की माहितीच येणार. ज्याची दोन उत्तरं नेटवर फिरतायत आणि दोन्ही खरी असू शकत नाहीत असा प्रश्न द्या, मग पोराला ठरवावं लागतं, आणि ठरवण्याची कॉपी करता येत नाही.

आपल्याकडचा सगळ्यात झकास प्रश्न म्हणजे हेलियम. दर ऑगस्टला व्हॉट्सॲपवर येतं बघा, हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, १८ ऑगस्ट १८६८ ला, लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबानं तिथे दुर्बीण लावली होती, किल्ल्यावर अजून साहेबाचे ओटे आहेत. ओटे आहेत, मी स्वतः बसलोय. ग्रहणही त्या दिवशी होतं. पण त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन ग्रहण बघायला होता गुंटूरला, आंध्रात. हर्शल या खगोलशास्त्रज्ञांच्या घराण्यातला एक लेफ्टनंट होता जमखंडीला. आणि लॉकियर? तो इंग्लंडमध्ये. त्यानं ग्रहण नसताना सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे प्रकाश फोडून मिळणारा रंगांचा पट्टा, घेतला तो २० ऑक्टोबर १८६८ ला, तिथेच, आणि त्यात दिसलेली पिवळी रेषा, जी पुढे हेलियमची ठरली, सोडियमची नाही हे त्यानं ओळखलं. जान्सेनचं आणि त्याचं पत्र पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचलं गेलं.

मग ओटे कुठून आले? इथे पोरांना थांबवायचं आणि शोधू द्यायचं. त्यांना सापडेल की लॉकियर विजयदुर्गला खरंच आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, त्याच्या मदतीला मेल्पोमेनी नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवरची माणसं होती, त्याचा छापील अहवाल आहे. त्याच ग्रहणाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे नायगमवाला सोलापूरकडे जेऊरला तंबू ठोकून बसले होते. आणि १८९८ पर्यंत तर रॅम्झे या रसायनशास्त्रज्ञानं १८९५ मध्येच लंडनला एका युरेनियमच्या खनिजातून हेलियम बाहेर काढून दाखवला होता, म्हणजे विजयदुर्गला शोध लागायला शिल्लकच काय होतं.

नासाच्या ग्रहणांच्या साइटवर जुन्या प्रत्येक ग्रहणाचा नकाशा आहे, त्यावर गावावर क्लिक केलं की तिथे खग्रास दिसलं का, किती वाजता, ते येतं. १८९८ च्या पट्ट्यात विजयदुर्ग पडतं. एका तासात होतं सगळं. आणि लक्षात ठेवा, यात केमिस्ट्री कुठे आली असं कुणी विचारलं तर सांगा की सूर्यावर न जाता तिथलं मूलद्रव्य कसं ओळखलं हीच केमिस्ट्री आहे, वर्गात ज्योत-परीक्षेत मिठानं पिवळी ज्योत येते तीच गोष्ट, जान्सेनच्या वेळी बऱ्याच जणांना आधी ती रेषा सोडियमचीच वाटली होती.

एकच सूचना, वर्गात मालवणी मुलं असतील तर जपून.

कोपरीकर

मास्तर जबरदस्त, मी देवगडचा आहे, आज जेवण गोड लागणार नाही. 😄

मॅडम, मी ठाण्यात क्लास घेतो. लॅबचं नेट नेहमी असतंच असं नाही म्हणून सांगतो, फेट नावाच्या साइटवरचे सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर करायचे प्रयोग, डाउनलोड करून पेनड्राइव्हवर नेता येतात, नेट गेलं तरी चालतात, बरेचसे मराठीतही आहेत. त्यात पीएच स्केलचं आहे, म्हणजे आम्ल-आम्लारी मोजायचं माप, ७ च्या खाली आम्ल आणि वर आम्लारी, त्यात कॉफी, दूध, थुंकी, साबण, बॅटरीचं ॲसिड आणि उलटी अशी यादी आहे. पोरं सगळ्यात आधी उलटीवरच क्लिक करतात, करू द्या, २ येतो. मग विचारा, कॉफीत पाणी ओतत राहा, पीएच वाढतो, ७ च्या पुढे जाऊन दाखवा. दहा मिनिटं खटपट करतात आणि जात नाही. का जात नाही हे नेटवर तयार उत्तर शोधण्यापेक्षा आपसात भांडून जास्त लवकर कळतं. सीडॅक मुंबई आणि अमृता विद्यापीठाचं ओलॅब्स, म्हणजे ऑनलाइन प्रयोगशाळा, पण आहे, प्रयोगाच्या पायऱ्या चांगल्या आहेत, मराठी पण आहे, मात्र मला ते थोडं कंटाळवाणं वाटतं, प्रत्यक्ष प्रयोगाच्या आधीची उजळणी म्हणून ठीक.

आणि एक खड्डा आधीच सांगून ठेवतो, मी त्यात पडलोय. पोरं मराठीत सर्च करतात आणि मराठी विश्वकोशावर जातात, चांगलीच जागा आहे, पण तिथे बेसला क्षारक म्हणतात आणि सॉल्टला लवण. आपल्या पुस्तकात बेस म्हणजे आम्लारी आणि सॉल्ट म्हणजे क्षार. पोरगा क्षारक वाचतो, क्षार समजतो, आणि वहीत लिहितो की क्षार लिटमस निळा करतो. माझ्या एका हुशार मुलीनं असं लिहिलं आणि मी चूक दिली, नंतर तिनं पान उघडून दाखवलं तेव्हा माझी बोलती बंद. तर पहिल्या तासाला तीन कॉलम काढून घ्या, पुस्तकातला शब्द, विश्वकोशातला शब्द, इंग्रजी शब्द. तोच एक शोध आहे खरं तर.

घणसोली_क्यूसी

पाण्याचं पण करता येईल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात पीएच ६.५ ते ८.५ आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले घन पदार्थ, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत. पोरांनी आपल्या नळाचं पाणी मोजायचं, टीडीएस मीटर दोन-तीनशेत मिळतो, शाळेला एक पुरे. मग प्रश्न, तुमच्या घरी आरओ का आहे? आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं, आकडा इतका कमी आला की मी बायकोला दाखवला, ती म्हणाली तुमचा मीटर खराब असेल.

फळा_आणि_डस्टर

तीन आठवडे झाले, कळवते म्हणाले होते म्हणून.

ब्लीचवालं झालं, उत्तम झालं, एसडीएसचं इंग्रजी जड गेलं पण दहावा भाग फक्त वाचायचा म्हटल्यावर जमलं. दुसऱ्या दिवशी एकीची आई शाळेत आली, मला वाटलं तक्रार, तर म्हणे बाथरूममधल्या बाटल्या मुलीनं वेगवेगळ्या कपाटात ठेवल्यात आणि मला हात लावू देत नाही.

हेलियमला मी आधी मुद्दाम चॅटबॉट वापरू दिला. एका गटानं विचारलं "विजयदुर्गवर हेलियमचा शोध कसा लागला ते सांगा" आणि त्यांना दुर्बिणीसकट अख्खी गोष्ट मिळाली. शेजारच्या गटानं विचारलं "१८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर कुठे होता" तर इंग्लंड आलं. तेच मशीन, तोच तास. मग जो गोंधळ झाला त्यात मला काही शिकवावंच लागलं नाही, दोन्ही गट नासाच्या नकाशावर आणि जुन्या अहवालावर तुटून पडले. सगळे नाही हं, मागच्या दोन मशीनवर क्रिकेटचा स्कोअर चालू होता, तेही सांगते.

आणि मास्तर, तुम्ही म्हणालात तसंच झालं. एक मुलगा विजयदुर्गजवळचाच निघाला. त्याला काही पटेना, म्हणाला आमच्याकडे हेलियम दिवस करतात बाई, आजोबा खोटं बोलतील का. मी म्हटलं आजोबांनी ओटे दाखवले ते खरेच आहेत, ते कुठल्या ग्रहणाचे एवढंच शोधायचंय. आता तो गणपतीला गावी चाललाय, टेप घेऊन. ओट्यांची मापं घेणार आहे, आणि गावात कुणाकडे जुना कागद आहे का ते विचारणार आहे. आल्यावर त्याचं काय ते इथे टाकते. @कोपरीकर सर, तुम्ही पण गावी जाणार असाल तर त्याला टेप धरायला एक माणूस लागेल.