मराठवाड्यानं पंधराशेत मत विकलं, हे बोलणं बंद करा

वाळूजकर
काल सगळ्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरली. मराठवाड्यानं लाडकी बहीण योजनेच्या १,५०० रुपयांत मत विकलं, आता भाव आणि कर्जमाफी कशाला मागता, असा सूर. डोकंच फिरलं. २०२४ च्या लोकसभेला याच माणसांनी आठपैकी सात जागी महायुती पाडली. जालन्यात दानवे पडले, बीडला पंकजाताई. तेव्हा आम्ही शहाणे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ४६ पैकी आघाडीला पाचच जागा दिल्या, की लगेच विकले गेलो? नांदेड बघा. २० नोव्हेंबरला एकाच केंद्रात दोन मतं द्यायची होती. लोकसभेची पोटनिवडणूक काँग्रेसनं १,४५७ मतांनी काढली आणि त्याच मतदारसंघातल्या सहाही विधानसभा महायुतीला गेल्या. दोन बटणं वेगवेगळी दाबणारे लोक विचार करूनच दाबतात.

बांधावरून
कसला विचार? २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, आमच्या मोंढ्यात चार हजाराच्या आसपास. वीस क्विंटलमागं सतरा-अठरा हजार गेले आणि हातात लाडक्या बहिणीच्या पाच हप्त्यांचे ७,५०० आले. हिशेब करा की.

उदगीरची लेक
दादा, सातबारा तुमच्या नावावर, मोंढ्याची पट्टी तुमच्या खिशात. खुरपायला मात्र आम्ही. भाव सहा हजार झाला असता तरी आईच्या हातात काय पडलं असतं? हप्ता आला तसा तिनं पहिल्यांदा कुणाला न विचारता चष्मा केला. त्याला विकणं म्हणू नका.

बांधावरून
चष्म्याला कोण नावं ठेवतंय ताई? पण हप्ता २,१०० करणार होते. मार्च २०२५ च्या बजेटमध्ये दिसले का?

माजलगावचा
बजेट सोडा, बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं बोला. भाड्याचं ट्रॅक्टर घेऊन खरेदी केंद्रावर रात्र काढली. सकाळी त्या पोरानं मूठभर दाणे यंत्रात टाकले, ओलावा १२ च्या वर, माल परत. मतदानाच्या तोंडावर १५ टक्क्यांपर्यंत सूट आली, तोवर माझा माल आडत्याच्या दारात पडला होता. चुलत भावाचा नंबर जानेवारीत लागला, तर पोती नाहीत म्हणून काटा बंद!

आडतकट्टा
आडत्याला का मधे घेता? आम्ही संध्याकाळी रोख मोजतो. केंद्राचे पैसे खात्यावर कधी पडतात ते पण सांगा.

माजलगावचा
रोख देता आणि कडता, म्हणजे वजनातली घट, किती कापता? हमाली, तोलाई वेगळीच. तोंड उघडायला लावू नका.

आडतकट्टा
मातेरं घेऊन यायचं आणि कडता कापला की बोंब मारायची. पोराच्या फीला उचल मागायला कुणाच्या दारात येता?

वाळूजकर
अहो, धागा निवडणुकीचा आहे.

माजलगावचा
मग हे काय आहे? काट्यावर उभा राहिलेला माणूसच मत देतो.

गोदाकाठ
सगळे जातीवर गप्प. लोकसभेला मराठा समाजाचा राग एकीकडं वळला. नोव्हेंबरला ओबीसी मतं दुसरीकडं एकवटली, आणि ४ तारखेला जरांगे पाटलांनी उमेदवार देणार नाही म्हणून सांगितलं. आमच्या गावात दोन्ही आळ्यांत चुली, म्हणजे जात बघून मतदान झालं, लाडकी बहीण नंतर. आणि निकालानंतर काय झालं? ९ डिसेंबरला मस्साजोगच्या सरपंचाचा खून. परळीत लाखाच्या वर मतांनी आलेल्या मंत्री धनंजय मुंडेंना त्या प्रकरणात ४ मार्चला राजीनामा द्यावा लागला. जात कळू नये म्हणून बीडमध्ये पोलिसांच्या छातीवरच्या पाटीवरून आडनाव काढायची वेळ आली. मत विकलं असतं तर परवडलं असतं, हे त्याहून वाईट.

उदगीरची लेक
हे पटतंय. पण सगळ्या बायकांनी जात बघितली असं म्हणू नका.

बांधावरून
बरं, 'विकलं' म्हणत नाही, झालं समाधान? पण महायुतीच्या जाहीरनाम्यात कर्जमाफी होती ना? मार्च संपता संपता अजितदादांनी सांगितलं, ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरा. माझं भरलेलं नाही. सोसायटीचा सचिव रोज फोन करतोय. त्याला नांदेडच्या दोन मतांची गोष्ट सांगू का?

वाळूजकर
सांगा. विचार करून दिलेलं मत आहे, म्हणूनच जाब मागायचा हक्क आहे. विकलेल्या मताचा जाब कुणी देत नसतं.

माजलगावचा
जाब मागा सावकाश. तूर घरात पडून आहे, २०२४-२५ चा हमीभाव ७,५५० होता. नोंदणी कुठल्या केंद्रावर चालू आहे आणि बारदाना आहे का, तेवढं सांगा कुणीतरी.