मदत हवी आहे: सकाळच्या औषधांच्या वेळा कशा बसवता?

मी मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे. एका रुग्णाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) आहे, शिवाय जठरात अल्सर (जखम). सकाळी थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी), पॅन्टोप्राझोल (ॲसिड कमी करणारं), सुक्राल्फेट सिरप (अल्सरवर थर धरणारं), प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड), मेसालामाइन (आतड्याची सूज कमी करणारं) असं सगळं एकदम येऊन पडतं.

थायरॉक्सिन उठल्या उठल्या, पॅन्टोप्राझोल नाश्त्याच्या अर्धा तास आधी, प्रेडनिसोलोन खाल्ल्यावर, इथवर ठीक. अडतं ते सुक्राल्फेटवर. तेही उपाशीपोटीच, जेवणाआधी तासभर द्यायचं. पण ते जखमेवर थर धरतं तसं इतर औषधांनाही धरून ठेवतं आणि ती नीट शोषली जात नाहीत. म्हणून बाकीच्या औषधांपासून २ तास लांब, थायरॉक्सिनपासून तर ४ तास. मग सकाळचा डोस बसवायचा कुठे? सकाळी ११ ला आणि रात्री झोपताना, असं राउंडला डॉक्टरांना सुचवायचा विचार आहे. तुमच्या वॉर्डात काय करता?

दुसरं, गिळायला जड जातं म्हणून नातेवाईक मेसालामाइनची गोळी कुटून द्या म्हणतात. आवरण फुटलं तर औषध वरच सुटतं, मोठ्या आतड्यापर्यंत पुरेसं पोहोचत नाही. हे त्यांना पटेल असं कसं समजावता? दाण्यांच्या स्वरूपातलं मेसालामाइन कोणी दिलंय का?

प्रेडनिसोलोनमुळे साखर तपासतेच, दुपारनंतर ती जास्त चढते. घरी सोडताना ‘बरं वाटलं तरी गोळी एकदम बंद करू नका’ हे कागदावर लिहून देते. ताप, काळी शी दिसली तर लगेच या, हेही सांगते. यात अजून काय घालावं?