मदत हवी आहे: अपेंडिक्सचा गोळा झालाय, ‘सहा आठवड्यांनी ऑपरेशन’ म्हणतात. थांबावं का? बेळगावात सर्जन कसा निवडावा?

खानापूरचा_थोरला

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलाय. अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवटच मिळतील, म्हणून सगळं लिहितो.

आमचं गाव खानापूर तालुक्यात. धाकटा भाऊ २२ वर्षांचा, बेळगावला उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डिंगला आहे. तीन आठवड्यांमागे पाहुण्यांच्या गावची यात्रा होती. तिथनं रात्री घरी आला आणि पहाटे बेंबीभोवती दुखायला लागलं. दोनदा उलटी झाली. यात्रेचं मटण बाधलं, असं घरातल्या सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. काकूनं एरंडेल पाजलं, गावातल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी दुखणं बेंबीवरनं सरकून उजवीकडं खाली आलं. "आता बरं हाय, खरं इथं दाबलं की दुखूलाय," असं तो म्हणत होता. आम्ही ‘आता बरं हाय’ एवढंच ऐकलं.

पाचव्या दिवशी ताप १०२ वर गेला. रिक्षातनं बेळगावला नेताना प्रत्येक हंपला पोट धरून ओरडायचा. शेवटी रिक्षावाला हंप दिसला की रिक्षा जवळजवळ थांबवायचा आणि एकेक चाक हळूच चढवायचा. सोनोग्राफीत निघालं ते असं: अपेंडिक्सला सूज आणि भोवती गोळा. मला वाटलं त्याच रात्री ऑपरेशन होणार. तर डॉक्टर म्हणाले, आता हात लावायचा नाही. तोंडानं काही नाही, सलाईन आणि अँटिबायोटिक. सहा दिवसांनी घरी सोडलं. कागदावर लिहिलंय, ‘६ आठवड्यांनी इंटरव्हल अपेंडिसेक्टॉमी’, म्हणजे मध्ये थांबून मग अपेंडिक्स काढायचं. का थांबायचं विचारलं तर "गोळा आहे, आता होत नाही" एवढंच उत्तर.

आता गडी ठणठणीत आहे. भाकरी खातोय, कामावर जातो म्हणून भांडतोय. घरात तीन मतं. बाबा म्हणतात, दुखणं गेलं, आता चिरफाड कशाला? मामा कोल्हापूरला असतात, ते म्हणतात आत्ताच्या आत्ता इकडं आणा, काढून मोकळं होऊ. आई देवाला कौल लावून आली. कौल उजवा मिळाला, खरं नेमकं काय विचारलं होतं ते तिला सांगता येईना.

तर थांबायचं कारण काय? काढणं भागच आहे का? दुर्बिणीनं करावं की उघडून? आणि सर्जन शोधायचा म्हणजे बघायचं तरी काय? बोर्डावर सगळ्यांच्याच नावापुढं डिग्र्यांची आगगाडी असते.

अजून एक. ॲडमिट करताना सहीचे कागद कन्नड आणि इंग्रजीत होते. भाऊ मराठी शाळेत शिकलेला, कन्नड बोलतो फर्डं, पण तसलं वाचायला त्याला जड जातं. कशावर सही केली ते त्याला अजून माहीत नाही.

जडीबुटी_प्रेमी

ऑपरेशन नको. आमच्याकडं एक पाला आहे, तीन दिवसांत गोळा विरघळतो.

ओटीतली_सिस्टर

वरच्यांचा पाला त्यांनाच लखलाभ. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

बेळगाव आणि मिरज मिळून ३१ वर्षं ऑपरेशन थिएटरात काढली, आता निवृत्त आहे. आधी गोळ्याचं सांगते, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

आतड्यांवर चरबीची एक झालर असते, ओमेंटम म्हणतात. अपेंडिक्स सुजलं की ही झालर आणि शेजारची आतडी तिथं जाऊन चिकटतात, त्याला गुंडाळून टाकतात. फुटलं तरी घाण सगळ्या पोटात पसरू नये म्हणून शरीरानंच घातलेलं कुंपण म्हणा. तोच तुमचा गोळा. दोन-तीन दिवस दुखणं अंगावर काढलं की तो तयार होतो. त्या वेळी आतली आतडी ओल्या पापडासारखी असतात. सोडवायला बोट घातलं की फाटतात. अपेंडिक्स काढायला आत गेलेल्या सर्जनला मग आतड्याचा तुकडाच कापून काढावा लागतो. तसं टेबलावर झालेलं मी पाहिलंय. म्हणून आधी अँटिबायोटिक, मग सहा-आठ आठवडे थांबायचं. तोवर सूज ओसरते, पापड वाळतो. तुमच्या डॉक्टरांनी केलं ते बरोबरच केलं, फक्त समजावून सांगितलं नाही. मामांना म्हणावं, घाई करू नका.

एरंडेलाबद्दल काकूंना रागावू नका, पण पुन्हा कुणाच्या घरी असं झालं तर लक्षात ठेवा. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडं खाली सरकलेल्या दुखण्यावर जुलाबाचं औषध द्यायचं नसतं. अपेंडिक्स फुटायची भीती असते. भावाच्या पोटानं सांभाळून घेतलं म्हणायचं. आणि तो हंपचा किस्सा वाचून हसू आलं, कारण आम्ही पेशंटला हेच विचारायचो: येताना गचके बसले तेव्हा दुखलं काय?

थांबायचं म्हणजे तारखेपर्यंत डोळे मिटून बसायचं असं नाही. ताप आला, उलटी झाली, तिथं परत दुखायला लागलं किंवा गोळा हाताला मोठा लागला तर त्याच दिवशी दवाखाना. जोरात दुखत होतं ते एकदम थांबलं आणि काही तासांत सगळं पोट लाकडासारखं कडक झालं, तर ते बरं झालेलं नसतं, फुटलेलं असतं. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी १०८ ला फोन करा.

सर्जरीवाला

सिस्टरांनी नेमकं सांगितलंय. त्यात थोडी भर घालतो, कारण बाबांचा प्रश्नही चुकीचा नाही.

गोळा बसल्यावर सगळ्यांचं अपेंडिक्स काढायचंच, असा पूर्वी नियमच होता. आपल्याकडं आजही बरेच सर्जन तसंच करतात. पण २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत असं म्हटलंय की ४० च्या आतल्या रुग्णाचा गोळा औषधानं बसला आणि पुन्हा त्रास झाला नाही, तर सरसकट ऑपरेशन करू नये. पुन्हा त्रास झाला तर करावं. चाळिशीनंतर गोष्ट वेगळी. त्या वयात गोळ्याआड कॅन्सरची गाठ लपलेली असू शकते, म्हणून सीटी स्कॅन आणि कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची आतनं दुर्बिणीनं तपासणी) करून बघतात.

मग तुमच्या भावाचं काय? मी असतो तर सहा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी, गरज पडली तर सीटी करून एकच गोष्ट बघितली असती: अपेंडिक्सच्या नळीत मळखडा अडकलाय का. असेल तर काढण्याकडं माझा कल. पुन्हा सुजायची शक्यता त्यात जास्त. नसेल तर भाऊ कुठं राहतो, काय काम करतो, त्रास झाला तर रात्री दवाखान्यात किती वेळात पोचेल, यावर ठरवलं असतं. जांबोटीच्या पलीकडं जंगलात राहणारा आणि बेळगाव शहरात टिळकवाडीत राहणारा, दोघांना मी एकच सल्ला देणार नाही.

फिनलंडमध्ये गोळा न झालेल्या साध्या अपेंडिसायटिसवर नुसती अँटिबायोटिक देऊन पाच वर्षं पाठपुरावा केला होता. २०१८ मध्ये तो छापून आला. दर १० जणांत जवळपास ४ जणांना पुन्हा त्रास झाला. हा आकडा भावाला तसाच लावू नका, त्याचा प्रकार वेगळा. बाबांना एवढंच सांगा की दुखणं गेलं म्हणजे अपेंडिक्स गेलं असं नव्हे.

दुर्बिणीनं की उघडून, हा वाद फार ताणू नका. दुर्बिणीत तीन बारीक छिद्रं. पोट गॅसनं फुगवतात, त्यामुळं नंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो. पोटाचं ऑपरेशन आणि खांदा कसा दुखतोय म्हणून घाबरू नका. दोन्हींत पूर्ण भूल देतात, उघड्यात कधी कमरेखालची. गोळ्यानंतरच्या केसमध्ये चिकटलेलं जास्त निघालं तर दुर्बिणीनं सुरू केलेलं उघडून संपवावं लागतं. तो सर्जनचा पराभव नसतो.

ओटीतली_सिस्टर

हो, आणि सर्जन निवडताना नेमकं इथंच बघा. "उघडावं लागेल काय?" असं विचारा. छातीठोक ‘मुळीच नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘लागू शकेल, आत गेल्यावर कळेल’ म्हणणारा मला बरा वाटतो. एमएस जनरल सर्जरी किंवा डीएनबी एवढी डिग्री या कामाला पुरते. पुढची आगगाडी मोजू नका. भूल कोण देणार, ऑपरेशननंतरच्या रात्री दवाखान्यात डॉक्टर कोण थांबणार, काढलेलं अपेंडिक्स तपासणीला पाठवणार ना, हे विचारा. खर्चाचा अंदाज लिहून घ्या. त्यात अपेंडिक्सचं बूड दोऱ्याच्या फासानं बांधणार की स्टेपलर वापरणार, ते विचारा. स्टेपलर महाग असतो आणि दर वेळी लागत नाही.

सहीचं म्हणाल तर भाऊ सज्ञान आहे, सही त्याचीच. कळत नाही तोवर करू नको म्हणावं. "मराठीत वाचून दाखवा" म्हणायला लाजायचं काय कारण? बेळगावच्या प्रत्येक दवाखान्यात मराठी बोलणारी एक तरी सिस्टर असतेच.

भाऊ तंबाखू खातो का? खात असेल तर आत्तापासून बंद, आणि भुलीच्या डॉक्टरांपासून लपवू नका.

निपाणीकर

तंबाखूचं नाव काढल्यावर निपाणीकरानं बोलायलाच पाहिजे. (मी सोडली.)

पैशाचं बघा. बीपीएल रेशनकार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतं. ठरवून करायच्या ऑपरेशनला बहुधा आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते, म्हणून बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये आधी दाखवा. सर्जरी तिथंही होते. तुमचं गाव सीमाभागातल्या ८६५ गावांत असेल तर महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले आरोग्य योजना आपल्यालाही लागू केलीय. मामांकडं जायचंच असेल तर निघण्याआधी त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा माणूस) फोन करून हे ऑपरेशन बसतं का, कागद कोणते, ते विचारा. नाहीतर कोल्हापूरच्या काउंटरवरनं कागदासाठी परत खानापूरला.

उद्यमबागी

सगळे योजना शोधूलाईत, खरं एक प्रश्न कुणीच विचारला नाही. भावाच्या पगारातनं ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा हप्ता, कापतात काय?

खानापूरचा_थोरला

आत्ताच त्याच्या मोबाइलवर पगाराची स्लिप बघितली. पगार १४,०००. खाली ‘ईएसआय १०५’. दोन वर्षं दर महिन्याला कापताहेत. त्याला वाटलं पीएफचाच काहीतरी भाग असेल.

उद्यमबागी

बरोबर. पगाराच्या पाऊण टक्का त्याचा, सव्वातीन टक्के मालकाचा. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याला लागू. आता डोकं खाजवत बसू नका. कंपनीच्या ऑफिसातनं त्याचा विमा नंबर घ्या, ई-पेहचान कार्ड काढा, सोनोग्राफी आणि डिस्चार्जचे कागद घेऊन आधी ईएसआयच्या दवाखान्यात जा. बेळगावात त्यांचं रुग्णालय आहे. तिथं होणार नसेल तर तेच पुढं पाठवतात. परस्पर खासगीत जाऊन नंतर बिल मागायला गेलात तर चपला झिजतील.

दुसरं, विश्रांतीच्या दिवसांचा पगार. सहा महिन्यांच्या हप्त्यात किमान ७८ दिवस भरले असतील तर आजारपणात पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. सर्टिफिकेट मात्र त्यांच्याच डॉक्टरांचं. माझ्या हर्नियाच्या वेळी मिळालेत, म्हणून सांगूलोय.

सर्जरीवाला

आणि ते दिवस वापरा. दुर्बिणीनं झालं तर एक-दोन दिवसांत घरी, आठ-पंधरा दिवसांत हलकं काम. पण मोल्डिंगला आहे म्हणालात. साचे उचलणं महिना-दीड महिना नको.

खानापूरचा_थोरला

मंडळी, थोडं कळवतो. काल कार्ड निघालं. ईएसआयच्या सर्जननी कागद बघितले, पोट दाबलं, पुढच्या महिन्यात पुन्हा सोनोग्राफी सांगितलीय. मळखड्याचं मी विचारलं तर मान वर करून बघितलं आणि म्हणाले, कुठनं शिकून आलास? त्यावर ठरवू म्हणालेत. बहुतेक काढावंच लागेल असा त्यांचा अंदाज. उघडायला लागेल का विचारलं, ‘लागू शकेल’ म्हणाले. सिस्टर, तुमची आठवण झाली.

बाबा गप्प आहेत. मामा रुसलेत. धाकट्यानं पुडी आईच्या हातात दिलीय, दुसरी खिशात आहे की नाही देव जाणे.

आईचा एक प्रश्न राहिलाय. काढलेलं ते आम्हाला दाखवतात काय?

ओटीतली_सिस्टर

दाखवतात, आधी सांगून ठेवा. बाटलीत असतं, करंगळीएवढं. आईंना पुढं उभं करा, तुम्ही जरा मागं थांबा. पुरुष माणसंच तिथं चक्कर येऊन पडतात.