शेंगेन व्हिसावरील प्रवेशांची संख्या

‘एकदा शेंगेन व्हिसा मिळाला की युरोपभर कुठेही फिरता येते’ असे अनेकदा म्हटले जाते; हे विधान शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातील 29 देशांपुरते खरे आहे. मात्र व्हिसावर किती प्रवेशांची परवानगी छापली आहे, हा मुद्दा त्यात राहून जातो. कोथरूडमधील आमच्या परिचित दांपत्याने क्रोएशियाचा बेत आखताना दुब्रोव्निकहून मोस्टारची एका दिवसाची सहलही त्यात घेतली होती. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आहे, पण मोस्टार बोस्नियात, म्हणजे या क्षेत्राबाहेर आहे. आणि त्यांच्या व्हिसावर प्रवेशांच्या रकान्यात ‘01’ असल्यामुळे, सीमा ओलांडताच तो एकमेव प्रवेश संपून त्यांना संध्याकाळी हॉटेलवर परतता आले नसते, जरी व्हिसाची मुदत शिल्लक होती. सुदैवाने पुण्यातून निघण्यापूर्वीच हे लक्षात आले आणि त्यांनी ती सहल रद्द केली. मधे शेंगेनबाहेरचे लंडन किंवा डब्लिन गाठून पुन्हा पॅरिसला येणाऱ्यांनाही हेच लागू होते. म्हणून अर्ज भरतानाच एकाहून अधिक प्रवेशांची मागणी करावी आणि तिच्या पुष्ट्यर्थ संपूर्ण प्रवासक्रम जोडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.